इन्शुलिन आणि रोजा: मगरिबपूर्वीचा शेवटचा तास

टाइप 1 मधुमेह असलेल्या माणसाने रोजा ठेवावा की ठेवू नये, हा निर्णय सहेरीच्या, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, ताटावर बसून घ्यायचा नसतो. त्यासाठी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे लागते, आणि तेही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल, मूत्रपिंडाची तपासणी व साखर कधी कधी धोकादायक खाली गेली याची वही सोबत घेऊन. मी शाळकरी वयापासून इन्शुलिनवर आहे, चिपळूणमध्ये शिकवते, आणि आमच्या घरात हा विषय दरवर्षी निघतो. बहुतेक वर्षी डॉक्टरांनी मला नकारच दिला आहे. परवानगी मिळाली तेव्हाही ती अटींसह मिळाली.

हा नकार कुणाच्या लहरीवर ठरत नाही. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या सहभागाने तयार झालेल्या 2021 च्या मार्गदर्शिकेत मधुमेहाचा प्रकार, आजाराची वर्षे, साखरेचे चढउतार, मूत्रपिंडाची स्थिती, कामाचे स्वरूप अशा गोष्टींना गुण दिलेले आहेत, आणि बेरीज सहाच्या वर गेली की रोजा ठेवू नये, असा सल्ला आहे. तेरा मुस्लिमबहुल देशांतील रुग्णांचा जो मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टाइप 1 च्या रुग्णांमध्ये साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे 4.7 पट झाल्याचे दिसले होते. आजारी माणसाला दिलेली सवलत तर कुराणातच, सूरह बकरामध्ये, स्पष्ट शब्दांत आहे.

आमच्याकडे सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की दिवसभर खायचे नाही, तर इन्शुलिन कशाला घ्यायचे. टाइप 1 मध्ये शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. पोट रिकामे असले तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहते, आणि ती पेशींपर्यंत पोहोचवायला इन्शुलिन नसेल तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात आणि माणूस उलट्या करत रुग्णालयात पोहोचतो. म्हणून दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन पूर्ण बंद करणे हा पर्यायच नाही. ते कमी करून, वेळ बदलून घ्यायचे असते. साधारणपणे त्याची मात्रा कमी करून ते इफ्तारच्या, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडण्याच्या, वेळी देतात, जेवणाआधीच्या जलद इन्शुलिनची इफ्तारची मात्रा नेहमीएवढीच ठेवतात, दुपारची वगळतात आणि सहेरीची कमी करतात. मात्र ही केवळ सुरुवात असते, आणि प्रत्येकाचा आकडा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो; शेजारच्या चाचींचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

मात्रेबद्दल बोलतच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते, कारण रमजानमध्ये इन्शुलिन पुष्कळदा घाईत, अर्धवट झोपेत भरले जाते. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते; नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. 40 च्या कुपीला नारिंगी सिरिंज लावली तर मात्रा निम्म्याहूनही कमी जाते, आणि उलट झाले तर अडीच पट जाते. पहाटे दिवा लावून टोपणाचा रंग पाहायला वेळ लागत नाही.

खरा कस मात्र मगरिबपूर्वीच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधीच्या, शेवटच्या तासात लागतो. बोटे थरथरतात, घाम सुटतो, समोरचे बोलणे नीट कळत नाही, आणि घरातले कुणीतरी प्रेमाने म्हणते, "आता थोडाच वेळ राहिलाय, बाळा." हे वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटते. साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली आली की रोजा त्याच क्षणी सोडायचा असतो, मग अजानला दहा मिनिटे उरलेली असोत की दोन तास. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि अजून 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचे. साखर 300 च्या वर गेली तरीही रोजा सोडायचा असतो, आणि तेव्हा कीटोन तपासावे लागतात. बोट टोचून साखर पाहिल्याने किंवा इन्शुलिनचे इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतांश उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात, तरीही "रोजात रक्त कसे काढू" म्हणून दिवसभर न तपासणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत. निदान सहेरीआधी, सकाळी, दुपारी, इफ्तारच्या आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी तपासावे; अस्वस्थ वाटले तर घड्याळाकडे न पाहता.

सोडलेल्या रोज्यांचे काय, हे आपापल्या मौलानांना विचारावे. कोकणातले आम्ही मुसलमान बहुतांश शाफई, म्हणजे त्या फिकही पंथाचे, असल्याने बारकावे थोडे वेगळे असू शकतात, पण ज्याचा आजार बरा होणारा नाही त्याच्यासाठी फिदयाची, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला अन्न देण्याची, वाट आहेच. खरे तर बायकांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. महिन्यातले काही दिवस रोजा न ठेवणे आणि नंतर कजा, म्हणजे ते राहिलेले रोजे, पूर्ण करणे आम्ही वयात आल्यापासून करतो, आणि त्यावरून कुणी आमच्या ईमानावर शंका घेत नाही.

इफ्तारला खजूर एक किंवा दोन पुरतात. सरबत आणि भज्यांनी साखर जी चढते ती तराविहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजाच्या, वेळेपर्यंत खाली येत नाही. सहेरी मात्र चुकवू नये आणि शक्य तितकी उशिरा करावी; मी भाकरी, डाळ आणि अंडे यांवर भर देते, नुसत्या चहा-बिस्किटावर दिवस निघत नाही. चाँद दिसला की मात्रांचा कागदही बदलावा लागतो: ईदच्या सकाळी जुनी मात्रा, जुन्या वेळा, आणि शीरखुर्म्याच्या वाटीसाठी इन्शुलिनचा वेगळा हिशोब, तोही आदल्या भेटीतच डॉक्टरांकडून लिहून घेतलेला.