जॉइनिंगला सगळं होतं, पीएफला नाव अडतं

चाकणच्या कारखान्यात नवीन माणूस रुजू करून घ्यायचा तर ऑफर लेटर, गेटपास, पंचिंग, ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधी उरकतं. गाडी अडते ती पीएफला, तीही नुसत्या नावापायी. याची मला अजूनही चीड येते.

आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासबुकावर आडनाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं, नाहीतर नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या मुलीचं आधार सासरच्या नावाचं आणि यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, माहेरच्या. जन्मतारखेचंही तेच: जुन्या आधारवर फक्त साल, शाळेच्या दाखल्यावर १ जून. हे जुळत नाही तोवर केवायसी लटकतं. यूएएनला आधार जोडलेलं नसेल तर त्या माणसाचं नाव ईसीआरमध्ये, म्हणजे कंपनी दरमहा पीएफला भरते त्या कामगारांच्या यादीत, घेता येत नाही. पीएफच्या चलनाची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. उशीर झाला की वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज कंपनीच्या माथी.

म्हणून क्रम पाळा. आधी आधार दुरुस्त, मग यूएएन, मग पॅन, शेवटी बँक. उलट केलंत तर तेच काम पुन्हा करावं लागतं. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला असेल तर नाव, जन्मतारीख कामगार स्वतःच पोर्टलवर बदलू शकतो. त्याआधीचा असेल तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनीचा मिळून दुरुस्तीचा अर्ज, कंपनीमार्फत जातं.

घाईत नवा यूएएन काढणं हा सगळ्यात वाईट उपाय. एका माणसाचे दोन यूएएन झाले की नोकरीची वर्षं तुटतात आणि पेन्शनला लागणारी १० वर्षं भरताना तो रडतो. फॉर्म ११ (आधीच्या पीएफची माहिती देणारा रुजू होतानाचा फॉर्म) भरताना 'आधी पीएफ नव्हता' असं पोरं बिनधास्त सांगतात, कंत्राटदाराकडून आलेली तर हमखास. जुनी पगार स्लिप मागा, यूएएन बहुधा त्यावरच सापडतो.

जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर तिच्यामागे धावू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की कामगार ती स्वतः टाकू शकतो.

आणि हो, व्यवसाय कर: महिलांना २५,००० पगारापर्यंत शून्य. पेरोलमध्ये लिंग चुकीचं पडलं तर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० उगाच कापले जातात. पहिल्या पगाराआधी ती नोंद डोळ्यांनी तपासा.