डोंगरातली लांब पल्ल्याची शर्यत शेवटच्या धावकासाठी आखा

डोंगरातल्या शर्यतीत पहिल्या येणाऱ्याची आयोजकांना फारशी काळजी करावी लागत नाही. त्याचा बराचसा रस्ता उजेडात संपतो, एड स्टेशनवर, म्हणजे वाटेवरच्या मदतीच्या थांब्यावर, पाणी भरपूर असतं, वाट दाखवणाऱ्या फिती जागच्या जागी असतात आणि व्हॉलंटियर ताजेतवाने असतात. शेवटच्या दहा जणांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. म्हणून वेळ, पाणी, खुणा, माणसं ही सगळी गणितं शेवटच्या धावकाला धरून मांडावीत. पुढचे त्यात आपोआप बसतात.

आधी वेळेचं बघू. डोंगरात नुसत्या किलोमीटरवरून काहीच कळत नाही. दर १०० मीटर चढाला एक जादा किलोमीटर धरायची पद्धत जगभर चालते. म्हणजे ५० किमी अंतर आणि २५०० मीटर चढ असेल, तर हिशेबाला ७५ किमी घ्यायचे. आल्प्समधली यूटीएमबी ही शर्यत सुमारे १७० किमी आणि १०,००० मीटर चढाची आहे. हिशेबाचे झाले २७० किमी आणि मुदत साडेसेहेचाळीस तास, म्हणजे तासाला साधारण ५.८. कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्सला १६१ किमी, साधारण ५५०० मीटर चढ आणि ३० तास, म्हणजे तासाला ७.२. तिथे चढापेक्षा उतार जास्त आहे आणि मुदतही कडक आहे. नव्या शर्यतीने तासाला ५ ते ५.५ धरावेत, म्हणजे आपल्या ७५ ला साडेतेरा ते पंधरा तास. वाट खडकाळ असेल किंवा बराच भाग रात्री येत असेल, तर पंधराच.

मधले कट-ऑफ, म्हणजे टप्प्याटप्प्यावरच्या वेळेच्या मर्यादा, ठरवताना या पंधरा तासांचे सरळ समान भाग पाडू नका. मागचा धावक पहिला एक तृतीयांश भाग तुलनेने लवकर संपवतो आणि शेवटी रेंगाळतो. पहिल्या २५ हिशेबी किलोमीटरला पाच तास दिलेत, तर पाचव्या तासाला तिथे पोचणारा पुढे हमखास अडकतो, आणि तेही रात्री, गाडी न पोचणाऱ्या जागी. तिथे साडेचार तास द्या. सुरुवातीनंतर लगेच अरुंद पायवाट लागून रांग तुंबत असेल, तर त्यात वीसेक मिनिटं घाला. कट-ऑफ पोचण्याचा आहे की निघण्याचा, हे नियमांत स्पष्ट लिहा. आमच्या मते तो निघण्याचाच असावा. आणि धावकाला थांबवायचं ते गाडी येते अशाच ठिकाणी.

खुणा लावताना शर्यतीच्या दिशेनेच चाला. उलट्या दिशेने बांधलेली फीत येणाऱ्याला नेमकी झाडाआड जाते. सरळ, एकच वाट असेल तिथे १५० ते २०० मीटरला एक फीत पुरते. फाट्यावर मात्र कंजूषपणा नको: वळणाच्या वीस मीटर आधी एक, वळणावर दोन आणि वळल्यावर पन्नास मीटरच्या आत आणखी तीन. या तीन फितींमुळे धावकाला आपण बरोबर वळलो याची खात्री पटते. चुकीच्या वाटेवर आडवी पट्टी बांधा. तिथे पिठाची किंवा चुन्याची रेघ एकटी पुरत नाही, एका सरीत वाहून जाते. रात्रीच्या टप्प्यात परावर्तक तुकडा असलेल्या फिती डोळ्यांच्या उंचीला हव्यात, आणि त्या हेडटॉर्च लावून रात्रीच तपासायला हव्यात. दिवसा ठसठशीत दिसणारी फीत रात्री पानामागे गडप होते. गुरं फिती चघळतात, येणारे-जाणारे काढून नेतात. त्यामुळे दोन दिवसांपेक्षा आधी बांधू नका, आणि पहिल्या धावकाच्या तासभर पुढे फितींची पिशवी घेतलेला एक माणूस ठेवा.

एड स्टेशनमधलं अंतर मागच्या धावकाला दोन-अडीच तासांत तोडता येईल इतकं असावं. माणशी दीड लिटर पाणी धरा, उन्हाच्या टप्प्यात दोन. दोनशे धावकांना दीडप्रमाणे ३०० लिटर होतात, आणि डोक्यावर ओतायचं पाणी त्याखेरीज. पाणी संपण्याचं नेहमीचं कारण हेच ओतणं असतं, म्हणून त्याचं पिंप वेगळं ठेवा. एकूण साठ्यातला एक तृतीयांश भाग निम्मे धावक पुढे गेल्याशिवाय उघडू नका.

पाणी पाजण्याची जबरदस्तीही नको. तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलखाली उतरू शकतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेलं बोलणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात. सुजलेली बोटं आणि भरपूर पाणी प्यायल्याची हकिकत यावरून संशय घ्यावा. अशा धावकाला साधं सलाईन लावण्याची घाई केली तर प्रकृती बिघडू शकते. गंभीर अवस्थेत डॉक्टर ३ टक्क्यांचं सलाईन १०० मिलिलिटर देतात. ते कुठल्या तंबूत आहे हे सगळ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी माहीत हवं.

सक्तीच्या सामानावर वाद होतोच. शिट्टी, दोन टॉर्च, फॉइलचं ब्लँकेट, टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट, फोन, लिटरभर पाणी एवढं तरी प्रत्येकाजवळ हवं, सकाळी आकाश निरभ्र असलं तरीही. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किमीच्या शर्यतीत १७२ जण उतरले होते. उंचावरच्या टप्प्यात गारा, थंड पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ जण गेले. वारा-पाऊस अडवणारं जॅकेट तिथे सक्तीचं नव्हतं. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेच्या आसऱ्याला आणून वाचवलं. सामान सुरुवातीला तपासाच, शिवाय उंच टप्प्याच्या आधीच्या स्टेशनवर पुन्हा बघा, कारण ओझं कमी करायला लोक जॅकेट मध्येच सोडून देतात. शर्यत थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, आणि त्याच्या निर्णयात प्रायोजकांनी बोलू नये. विजांसाठी साधा नियम पाळा: शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कोणी उघड्या कड्यावर जायचं नाही.

सगळ्यात जास्त लक्ष मागतो तो मोजणीचा कागद. नाव नोंदवलेले किती हा आकडा कामाचा नाही. सुरुवातीच्या रेषेवरून प्रत्यक्ष निघालेले बिब नंबर, म्हणजे छातीवरच्या कागदावरचे नंबर, लिहा. चिपवरून वेळ नोंदवणारं मशीन असलं तरी प्रत्येक स्टेशनवर एक माणूस पेनने नंबर आणि वेळ लिहीत बसलेला हवा. मशीन बंद पडतं, दरीत नेटवर्क जातं. दर तासाला वायरलेसवरून हिशेब जुळवा: निघालेले उणे पोचलेले उणे माघार घेतलेले, म्हणजे अजून वाटेवर असलेले. माघार घेणाऱ्याचं बिब काढून घ्यायचं आणि वेळ लिहून सही घ्यायची. मित्राच्या गाडीतून न सांगता घरी गेलेल्या एका माणसापायी रात्रभर शोधपथक डोंगरात फिरतं. स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारे आपले लोक, दोघं असावेत, टप्प्याटप्प्याने बदलावेत, आणि मागचं स्टेशन त्यांनी "सगळे गेले" म्हटल्याखेरीज बंद होऊ नये.

आता सोहळा. बक्षीस समारंभ दुपारी उरकून मंडप आवरायला घेतला, की रात्री येणाऱ्यांचं स्वागत रिकाम्या खुर्च्या करतात. ते आम्हाला मनापासून खटकतं. वेस्टर्न स्टेट्समध्ये मुदतीच्या आधीचा शेवटचा तास 'गोल्डन अवर' म्हणून ओळखला जातो. अव्वल धावकांसह सगळे मैदानाभोवती जमतात आणि २९ तास ५० मिनिटांनी येणाऱ्याला सर्वांत मोठा जल्लोष मिळतो. कोलोरॅडोतल्या हार्डरॉक शर्यतीत शेवटी रंगवलेल्या मोठ्या दगडाचं चुंबन घेतलं की शर्यत पूर्ण होते, पहिल्याची तशीच शेवटच्याचीही. आपली खूण आपण शोधावी. घंटा चालेल, दगड चालेल.

त्यासाठी तयारी लागते. निवेदकाकडे शेवटच्या स्टेशनवरून निघालेल्यांची नावं हवीत, म्हणजे टॉर्च दिसताच हाक मारता येते. पदकं आणि गरम जेवण शेवटच्या तीस जणांसाठी वेगळं काढून ठेवा. मुख्य समारंभ मुदत संपल्यावर अर्ध्या तासाने ठेवा, व्हॉलंटियरना मंचावर बोलवा. रेषेपासून दहा-पंधरा मीटर खुर्ची ठेवू नका. एकदम थांबलं की रक्त पायात साचून भोवळ येते, म्हणून धावकाला हळूहळू चालवत न्या. पडलाच तर आडवं करून पाय वर धरा. थंडीत ओले कपडे आधी बदला, फोटो नंतर.

दुसऱ्या दिवशी फिती काढायला बांधणाऱ्यांनाच पाठवा, त्यांना जागा माहीत असतात. बांधलेल्या फितींचा आकडा टप्प्यावार लिहिलेला असेल, तर राहिलेल्या कुठे शोधायच्या ते लगेच कळतं.