कुलूप लावलेली नऊ घरं

आरोग्य पाहणीत माझं काम ऑफिसात बसून वेट काढायचं, म्हणजे भेटलेलं एक घर किती घरांच्या वतीने धरायचं तो आकडा काढायचा. फिल्डवर क्वचितच जाते. एका वर्षी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून सुपरवायझरचा फोन आला, "ताई, निवडलेल्या बावीसपैकी नऊ घरं बंद आहेत. तीनदा जाऊन आलो. पुढच्या गावाला निघू का?"

बंद घराच्या बदल्यात शेजारचं घर घ्यायची मुभा आमच्याकडे नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही नसते, आणि ते योग्यच आहे. बंद ते बंद लिहायचं, तूट नंतर मी गणिताने भरायची. २२ भागिले १३, म्हणजे १.६९. भेटलेलं प्रत्येक घर एकाऐवजी १.६९ घरांच्या वतीने बोलतंय असं धरायचं.

घरं निवडण्याआधी केलेली गावाची घरयादी उघडली. ती गणपतीत झालेली, तेव्हा सगळे गावात होते. व्यवसायाच्या रकान्यात नऊच्या नऊ घरांपुढे एकच शब्द होता: ऊसतोड. दुसऱ्या दिवशी मी गावात पोचले.

दारांना कुलपं, उंबऱ्यापुढे आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या. समोरच्या ओट्यावर एक आजी बसलेल्या. पदराच्या टोकाला तीन घरांच्या किल्ल्या बांधलेल्या. म्हणाल्या, "समदी कारखान्याला गेली, बाई. पाडव्याबिगर ही दारं उघडत नसतात." नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली की मागे थांबता येत नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात म्हणून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली होती. आमच्या प्रश्नावलीत तोच प्रश्न होता. आणि उत्तरं मिळाली होती मास्तरांच्या, दुकानदाराच्या, बागायतदाराच्या घरून. त्यांना १.६९ने गुणून मी कोयत्यावरच्या बायकांची तब्येत सांगणार होते! ऊसतोडीची घरं वेगळ्या गटात धरावीत, तर त्या गटात भेटलेलं घर एकही नाही. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. गणिताने सुटण्यासारखं ते नव्हतंच.

हंगाम संपल्यावर पुन्हा जायचं, असं मी वरिष्ठांना सांगितलं. खर्च, मुदत, सगळ्यावर वाद झाला. मी हटले नाही.

पाडव्यानंतर गेलो तेव्हा आजींच्या पदराला किल्ल्या नव्हत्या. नऊपैकी सात घरं भेटली, उरलेली दोन परस्पर वीटभट्टीवर गेली होती. आता त्या गटाचं वेट ९ भागिले ७, म्हणजे १.२९. बाकीच्या तेरांचं १.

एका घरी मी मुलाखत घेणाऱ्या मुलीसोबत बसले. बाई चुलीपुढे, वय पस्तिशीच्या आतलं. प्रश्न आला तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "पिशवी व्हय? ती काढून चार वरसं झाली की. पाळीपायी खाडे पडायचे." आणि लगेच विचारलं, "मागल्या बारीला आला होता म्हणं तुम्ही. आम्ही नव्हतो, तर कुणाला इचारलं?"