आमचा रविवार गुरुवारी येतो

बायको सरकारी ऑफिसात आणि मी चाकणला एका कंपनीत, म्हणजे तिला शनिवार-रविवार सुट्टी आणि मला गुरुवार. गावाकडचे लोक ऐकून हसतात, पण भोसरी-चाकण पट्ट्यात कुणालाही विचारा, पूर्वी वीज पुरायची नाही म्हणून एमआयडीसींना एरियाप्रमाणे वार वाटून दिले होते, स्टॅगरिंग डे म्हणायचे, आता वीज असली तरी वार तोच.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा मी तिला जाम चिडवलं, मजा आहे बाबा तुमची. तर तिने हिशेबच मांडला, दुसरा-चौथा शनिवार आधीपण सुट्टीच होती, बाकीच्या शनिवारांच्या बदल्यात रोज पाऊण तास वाढवला, पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे महिन्याचे तास जवळपास तेवढेच. तरीपण फरक पडलाच. शनिवारी फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी येतो तर आठवड्याचा लसूण सोलून डब्यात भरलेला असतो आणि मॅडम चक्क झोपलेल्या असतात, दुपारी! (लसूण सोलणं ही सुट्टी का, हा वेगळा विषय, त्यात माझीपण चूक आहे.)

आमच्याकडे मात्र उलटी गंगा. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ तेवढेच, ओव्हरटाइम तिमाहीला ११५ वरून १४४ तास. कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला बारा चोक अठ्ठेचाळीस, मग चार दिवस काम तीन दिवस सुट्टी देतील का रे, सगळं टेबल हसलं. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागणार म्हणे, पण सुपरवायझरने कागद पुढे सरकवल्यावर नाही म्हणणारा कोण, आणि डबल पगार घराच्या हप्त्याला लागतोच की.

नारायण मेघाजी लोखंडेंनी भांडून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. तो आमच्या घरात बायकोला आणि मुलीला मिळतो, कामगाराला नाही 😄

मुलीने कॅलेंडरवर तिघांनाही सुट्टी असलेल्या तारखांना लाल गोल केलेत. पुढचा गोल १५ ऑगस्टला आहे, आणि त्या दिवशी सकाळी दोघींनाही झेंडावंदनाला जायचंय.