सीन मोड लावला, मग फोटो हलला कसा?

कॅमेऱ्याच्या डायलवरचा डोंगर, फूल, धावणारा माणूस ही चित्रं म्हणजे सीन मोड, त्या-त्या दृश्यासाठी आधीच जुळवून ठेवलेली सेटिंग. मोड लावून थेट क्लिक करू नका. शटरचं बटण अर्धं दाबा आणि स्क्रीनवर उमटणारे आकडे वाचा. फोटो बिघडणार असेल तर ते तिथेच कळतं.

स्पोर्ट्स मोडचंच बघा. तो शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) वेगवान ठेवतो, फोकस विषयामागे फिरवतो आणि एकामागोमाग फोटो घेतो. भर उन्हात १/१००० सेकंद सहज मिळतं. पण बंदिस्त हॉलमध्ये किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) पूर्ण झूम केली की अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं). आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) चढत चढत मर्यादेला टेकतो आणि मग शटर १/६० वर घसरतं. खेळाडूचे पाय फराटे होऊन येणार, हे नक्की. अशा वेळी झूम मागे घ्या आणि स्वतः पुढे सरका. एफ/३.५ वर अडीचपट प्रकाश मिळतो, म्हणजे त्याच उजेडात शटर १/१५० च्या आसपास जातं. तेही जमत नसेल तर उडीच्या अगदी वरच्या टोकाला क्लिक करा. त्या क्षणी अंग जवळजवळ स्थिर असतं.

नाइट पोर्ट्रेटवर लोक उगाच चिडतात. यात फ्लॅश चेहरा उजळतो, पण मागचे दिवे टिपायला शटर १/८ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ उघडं राहतं. फ्लॅश चमकला की समोरचे ‘झालं’ समजून हलतात आणि चेहऱ्याभोवती भुतासारखी छटा उमटते. ‘मी सांगेपर्यंत हलू नका’ असं आधीच बजावा. त्यांना दोन-तीन मीटरवर उभं करा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर टेकवा.

बर्फ आणि वाळूच्या मोडमध्ये एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) मुद्दाम वाढवलेलं असतं, कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्यालाही राखाडी करू पाहतो. सावलीत आल्यावर तो मोड बदलायचा राहिला की चेहरे फटफटीत येतात.

फुलाच्या चित्राने, म्हणजे जवळून फोटो घेण्याच्या मोडने, मात्र फसू नका. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात हा मोड लेन्सची जवळ फोकस करण्याची क्षमता वाढवत नाही. लेन्सवर ०.२५ मीटर लिहिलं असेल तर तीच हद्द, आणि ती लेन्सच्या काचेपासून नाही, सेन्सरपासून (आतला प्रकाश टिपणारा भाग) मोजायची. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वरच्या बाजूला आडवी रेघ गेलेलं छोटं वर्तुळ असतं, ती सेन्सरची जागा. बटण अर्धं दाबूनही फोकसची खूण हिरवी होत नसेल तर थोडं मागे सरका.

सूर्यास्ताचा मोड जरूर वापरा. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप जुळवणारी सेटिंग) आकाशातला तांबूसपणा ‘दुरुस्त’ करून टाकतो, हा मोड तो राखतो. कित्येक कॅमेऱ्यांत सीन मोड लावला की एक्स्पोजर कमी-जास्त करता येत नाही आणि रॉ फाइलही (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ नोंद) मिळत नाही. तसं असेल तर डायल पी (प्रोग्रॅम मोड) वर आणा, व्हाइट बॅलन्स ढगाळवर ठेवा आणि एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, उतरवा.