चाळीसगावच्या घुमटातलं साउंड हीलिंग: मधल्या जागेचे पाचशे देऊ नका

साउंड हीलिंग म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून चटईवर पडायचं आणि गाँग (टांगलेली मोठी धातूची थाळी) आणि धातूच्या वाट्या यांचा आवाज ऐकायचा, त्याने बरं वाटतं म्हणे. आधी रस्त्याचं सांगतो, कारण जाहिरातीत 'चाळीसगाव स्टेशनपासून अर्ध्या तासावर' एवढंच होतं. पाटणादेवीच्या रस्त्याने रिक्षा मस्त जाते, पण डांबरी सोडलं की शेतातून दीड किलोमीटर काळी माती, आणि आदल्या रात्री परतीचा पाऊस झोडपून गेलेला. रिक्षावाल्याने तिथेच गाडी बंद केली, "भो, यापुढे नाही जात." मग पायी. पावलागणिक बूट जड होत जातात, एक बाईकवाला तर मडगार्डमधला चिखल काडीने उकरत बसला होता, त्याच्याकडे बघून हसलो आणि पुढच्याच वळणावर माझा डावा बूट मातीत राहिला, पाय तेवढा बाहेर आला. दीड किलोमीटरला पाऊण तास! रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसाला. पाऊस होऊन दोन-तीन दिवस कोरडे गेले नसतील तर जाऊच नका, आणि बूट नको, सँडल घाला.

घुमट मात्र बघण्यासारखा आहे हे मान्य. जाळीवर सिमेंटचा पातळ थर देऊन केलेला, एक खांब नाही, वर गोल झरोका. म्हणे अमेरिकेतल्या इंटिग्रेट्रॉनवरून सुचला. तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला ३८ फूट उंच लाकडी घुमट, जॉर्ज व्हॅन टॅसलने १९५०च्या दशकात बांधायला घेतला आणि त्याचं तंत्र शुक्रावरच्या लोकांनी दिलं असं तो सांगायचा. इथल्यांनी शुक्राचं नाव घेतलं नाही, पण दर त्याच हिशोबाने लावलेत.

ऑनलाइन १२०० भरलेले. दारात चटईचं भाडं १५०, डोळ्यावरच्या पट्टीचे १००, आणि 'एनर्जी सेंटर' म्हणजे बरोबर मधली जागा, तिचे ५००. चिखल तुडवून आलेला माणूस घासाघीस करत नाही, दिले.

तिथेच फसलो. घुमटाच्या गोलाईमुळे भिंतीवरून परतलेला आवाज मध्ये गोळा होतो, गाँग वाजला की आपल्या कवटीतच कोणीतरी परात आपटतंय असं वाटतं. त्यात भुसावळचे एक काका पाचव्या मिनिटाला घोरायला लागले, ते घोरणंही चारी बाजूंनी फिरून माझ्याकडेच. वीस मिनिटं काढली, मग चटई ओढत गुपचूप भिंतीशी गेलो.

आणि भिंतीला डोकं टेकवलं तर कानात स्पष्ट ऐकू आलं, "मधल्याचे पाचशे वहीत लिहिले का गं?" दचकलो. जवळ कोणीच नाही! समोरच्या भिंतीशी दोन मदतनीस मुली कुजबुजत होत्या. विजापूरच्या गोल घुमटात गाइड कुजबुजून दाखवतो ना, आवाज गोल भिंतीला धरून पलीकडे जातो, अगदी तेच. सगळ्या कार्यक्रमातली ही एकच गोष्ट पैसे वसूल, आणि तिचा हीलिंगशी काही संबंध नाही.

भिंतीशी वाट्यांचा आवाजही छान लागतो, मऊ, लांबत जाणारा. तिबेटी म्हणून दाखवतात पण काशाच्याच की, तांबं आणि कथील. आजी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, शेवटच्या दहा मिनिटांत तशीच झोप लागली, हे खोटं नाही सांगत. आजार-बिजार बरे होतात म्हणून कोणी सांगितलं तर गोळ्या मात्र बंद करू नका.

दुसऱ्या दिवशी पाटणादेवी केलं, छान झालं.

तर जाणाऱ्यांनी चटई घरून न्या, डोळ्याला ओढणी किंवा गमछा बांधा, भिंतीकडेची जागा धरा, ती फुकट आहे. आतमध्ये हवा खेळत नाही, मे महिन्यात तर विचारच नको. रिक्षा जाता-येता दोन्हीची ठरवा आणि परतीचे पैसे आधी देऊ नका. मी दिले होते. अंधारात डांबरीवर तासभर उभा होतो, शेवटी उसाच्या ट्रॅक्टरने स्टेशनपर्यंत आणलं, त्याने एक रुपया घेतला नाही.