नाकाला फेस

ऑक्टोबरात कच्छच्या छोट्या रणातलं पाणी ओसरतं, पण चिखल वाळलेला नसतो. चिलटं आणि गोमाशा याच दिवसांत सगळ्यात जास्त. अशात भल्या पहाटे वनरक्षकाचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, तीन घुडखर मरून पडलेत. एकीच्या नाकाला फेस आहे."

फेस म्हटल्यावर माझी झोपच उडाली. घुडखर म्हणजे इथलं रानगाढव. रण आणि त्याच्या आजूबाजूचा पट्टा सोडला तर जगात ते आज रानात कुठेही उरलेलं नाही. १९६२ साली मोजणीत ८७० जनावरं होती, त्या दशकाच्या अखेरीस ३६२. या घसरणीचा ठपका आधी सर्रा आणि मग आफ्रिकन हॉर्स सिकनेस या दोन रोगांवर ठेवला जातो. पहिला पसरवते गोमाशी, दुसरा चिलटं. १९५९ ते ६१ या काळात हॉर्स सिकनेसने पश्चिम आशियापासून भारतापर्यंत घोडे, खेचरं, गाढवं मिळून ३ लाखांवर जनावरं मारली. हा इतिहास म्हणून सोडून द्यावा, तर २०२० साली तो थायलंडमध्ये उगवला आणि शेकडो घोडे घेऊन गेला. फुफ्फुसात पाणी भरून नाकातून फेस येणं ही त्याची खूण. २०२४च्या मोजणीत घुडखरांचा आकडा ७,६७२ झाला तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. मलाही आनंद झाला, पण एकाच टोपलीत ठेवलेली अंडी कितीही वाढली तरी टोपली एकच, हे डोक्यातून जात नाही.

पाटडी मागे टाकून रणाच्या काठाशी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दोन माद्या आणि एक वर्षा-दीड वर्षाची पाडी, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. गिधाडं आता इथे फारशी उरलेली नाहीत, त्यामुळे अंगाला कुणी तोंड लावलं नव्हतं. चाकू मात्र मी लगेच काढला नाही. शिरवळच्या कॉलेजात अँथ्रॅक्सची धास्ती आम्हाला अशी घातली होती की आजही आधी कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेतल्याशिवाय मी जनावर फाडत नाही. अँथ्रॅक्सचं प्रेत उघडलं की त्याचे जंतू बीजाणू बनून वर्षानुवर्षं मातीत राहतात. काचपट्टी रंगवून जीपच्या बॉनेटवर मायक्रोस्कोप लावला. तिन्ही स्वच्छ. सर्राचे परजीवीही दिसले नाहीत, पण त्यात समाधान मानण्यासारखं काही नव्हतं. जनावर मेलं की ते थोड्या तासांत रक्तातून दिसेनासे होतात.

मग डोळे पाहिले. घोड्या-गाढवाच्या डोळ्यांच्या वर एक खळगा असतो. हॉर्स सिकनेसमध्ये बहुधा तो सुजून भरून येतो, कधीकधी बाहेर फुगतो. इथे तिघींचे खळगे खोलच होते. मानेची कातडी सोलली. स्नायूंच्या मधे पिवळट, जेलीसारखं पाणी असायला हवं होतं, ते नव्हतं. छातीतही पाणी साचलेलं नव्हतं. फुफ्फुसं रक्ताने गच्च होती आणि श्वासनलिकेत फेस होता, पण तेवढ्याने काही ठरत नाही. अचानक मेलेल्या जनावरात तो सापडतो.

पाडीचा जबडा उघडला आणि मी थांबलो. जिभेवर ज्वारीच्या पानांचा घास अर्धवट चावलेला, तसाच. तापाने दिवसदोन दिवस तडफडलेलं जनावर चरता चरता मरत नाही. वनरक्षकाला म्हटलं, पुढचे पाय आणि छाती धुऊन दे. चिखल निघाल्यावर मोठ्या मादीच्या छातीवर आडवी, बोटभर रुंद रेघ दिसली. केस जळालेले, कातडी कडक झालेली. विजेच्या तारेचा चटका.

"साहेब, आणि हे बघा," तो म्हणाला. ओल्या रणात ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे होते आणि मधोमध काहीतरी ओढत आणल्याचे पट्टे. रोगाने मेलेली जनावरं ट्रॅक्टरने येत नाहीत.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. तीन जनावरं कुणीतरी मारली होती आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो, कारण तार एका शेतापुरती असते, चिलट नसतं. हे बरं वाटणं मला अजूनही नीटसं पटलेलं नाही.

ठसे एका बांधापाशी गेले. नर्मदेच्या कालव्याचं पाणी आल्यापासून इथे काठापर्यंत हिरवं असतं आणि घुडखर दिवसा रणातल्या बेटांवर थांबून रात्री शेतात उतरतात. बांबूचे खुंट जागच्या जागी होते, तार काढलेली. म्हातारे शेतकरी खाटेवर बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही. कुंपणाच्या तारेला झटका मशीन का नाही लावलं, असं मी विचारलं. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर उडी मारून पळतं, मरत नाही. "गेल्या साली होतं, बॅटरी गेली," ते म्हणाले. "मग थेट लाइन जोडली. दोन रात्रींत अर्धी ज्वारी गेली होती, साहेब. तुमचं जनावर, माझं शेत."

घुडखर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, गुन्हा नोंदणं भागच होतं, आणि ते योग्यच झालं. ती तार रात्री त्यांच्या नातवाच्याही पायात आली असती. तरीही पंचनाम्यावर अंगठा घेताना त्यांच्याकडे बघणं मला जड गेलं. नव्या बॅटरीचा खर्च एका हंगामाच्या नुकसानीपेक्षा कितीतरी कमी असतो, पण तो वेळेवर हातात असावा लागतो.

दुसऱ्या मादीची आचळं दुधाने भरलेली होती. म्हणजे पावसाळ्यात जन्मलेलं शिंगरू जवळपास असणार. संध्याकाळी दुर्बिणीतून ते दिसलं, सहा-सात माद्यांच्या कळपाच्या कडेला. दूध प्यायला गेलं की लाथ खात होतं, पण मधेमधे गवतालाही तोंड लावत होतं. वनरक्षकाचं म्हणणं, पकडून बाजणा गावी नेऊन वाढवू. मी नको म्हटलं. माणसाच्या हातावर वाढलेलं रानगाढव पुढे कळपात सहसा रुळत नाही, आणि गवत खायला लागलेल्याला संधी तरी आहे.

प्लीहा, फुफ्फुस आणि लसिकाग्रंथींचे तुकडे बर्फात घालून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले. ड्रायव्हरला हे पटेना. तारेने मेल्याचं दिसतंय, मग खर्च कशाला? मी म्हटलं, तारेने मेलेल्याच्या अंगातही विषाणू असू शकतो, आणि एवढी ताजी रानगाढवं फुकट हाती कधी लागतात? अहवाल निगेटिव्ह आला. खटल्याला अजून तारखा पडताहेत.